अज्ञान, अ. पा. क. बहीण

पडेगाव,
आश्विन वद्य द्वितीया

तीर्थस्वरूप सारजाक्का,

नमस्कार लिहितो आहे. पोचला तर घे, नाही तर उंबऱ्याबाहेर राहू दे. मी दिलेलं डाळिंबी लुगडं तू कंडक्टरच्या हाती एसटीतून परत धाडलं होतंस, तसा हाही परत आला तर मला नवल वाटणार नाही. अकरा वर्षांनी लिहितो आहे. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू फोन म्हशीच्या गव्हाणीत ठेवून देतेस असं भावकीतला पुंजाराम सांगतो. म्हशीशी माझं भांडण नाही, पण तिच्याशी बोलण्यासारखंही फारसं नाही.

लिहायला कारण घडलं. आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांच्या खात्यात अतिवृष्टीचं अनुदान आलं आणि त्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पूर आला म्हणून पेढे वाटणारा माणूस मी प्रथमच पाहिला. पेढा तोंडात असतानाच मनात आलं, अरे, शेतकरी तर आपणही आहोत. फर्दापूरच्या अलीकडं वाघूर नदीच्या काठी चार एकर जमीन आपल्या एकट्याच्या नावावर आहे. (कशी झाली ते तुला माहीत आहे, मलाही आहे, पुढं जाऊ.) मग आपलं अनुदान कुठं आहे?

क्रांती चौकात मजीदचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. माझा जुना विद्यार्थी, संस्कृतात पस्तीस गुण, तेही मीच दिलेले. त्यानं संगणकावर सातबारा उघडला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"सर, हे आधार तुमचंच हाय ना?"

"का रे?"

"नाय म्हंजे... हसू नका सर. कागदावर तुम्ही नाबालिग हाव."

मागं रांग होती. रांगेतला एक फेटेवाला पुढं वाकला आणि म्हणाला, "मास्तर, मिशीला कलप लावायच्या आधी नोंद तरी बदलायची."

अक्का, मी स्वतः वाचलं. 'रामकिसन, अज्ञान, अ. पा. क. बहीण सारजाबाई.' कचेरीच्या भाषेत अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा आणि अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बापू गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आई आधीच गेलेली, म्हणून पटवाऱ्यानं तुझं नाव पालक म्हणून लावलं. ते ठीक. पण मी मोठा झाल्याची खबर सरकारला अजून मिळालेली नाही. सव्वीस वर्षं मी पोरांचं अज्ञान घालवण्याचा पगार घेतो आहे आणि माझं स्वतःचं अज्ञान सरकारनं शिक्का मारून जपून ठेवलं आहे. त्यातून हे 'अपाक'! संस्कृतात अपाक म्हणजे न शिजलेलं. वैद्यकात अजीर्ण. दोन्ही अर्थ मला त्या क्षणी लागू पडले. शिवाय 'पालनकर्ता' चूक आहे, तू बाई आहेस, 'पालनकर्त्री' हवं. पण तिथं लाल पेन काढण्याची सोय नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसत घरी आलो असतो. मजीदनं आणखी एक कळ दाबली. गेल्या काही वर्षांत या जमिनीवर तीनदा अनुदान आलं आहे. तिन्ही वेळा ते पालकाच्या खात्यात गेलं आणि उचललं गेलं.

तीन वेळा, अक्का. शेत माझं, पूर माझा, आणि मला पत्ता नाही! एक कार्ड टाकावंसं तुला वाटलं नाही?

उत्तर दे. मजीदच्या यंत्रावर मी एक लहानसा अर्ज टाकून ठेवला आहे, नुसती चौकशी म्हणून. त्याची काळजी करू नकोस.

तुझा,
रामकिसन
(एम. ए., संस्कृत. वय वर्षे त्रेपन्न पूर्ण.)


पडेगाव,
आश्विन वद्य नवमी

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनंतर तीन ओळी, म्हणजे साधारण पावणेचार वर्षांना एक. त्या इथं उतरवून घेतो, कारण मी त्या इतक्यांदा वाचल्या आहेत की कार्ड झिजेल:

'मास्तर, पैसे मीच उचलले. तिन्ही बारीनं. कुठं लावले ते जमिनीला इच्यार.'

खाली 'सारजा'. 'स'ची गाठ अजून उलटी काढतेस. तुला अक्षरं मी शिकवली, चुलीपुढं राखेत बोटानं, त्यामुळं ही चूक माझीच धरावी लागेल.

जमिनीला विचार म्हणे! जमीन बोलत असती तर तलाठ्यांची गरज पडली नसती. मला वाटलं होतं तू नाकबूल जाशील, रडशील, निदान शिव्या देशील. शिवी दिली असतीस तर निभावून नेलं असतं. इतक्या कोरडेपणानं कबुली देणाऱ्या माणसाचं काय करावं ते मला कळत नाही.

आता मला एक कबूल करायचं आहे. काल पुंजारामचा फोन आला.

"मास्तर, तुमच्या भैनीच्या दाराला नोटीस डकवली बगा. पंचायतीच्या बोर्डावर बी एक. लोकं वाचाय येतेत."

"कसली नोटीस?"

"तुमीच धाडली म्हनं की! वसुली अन् गुन्हा. पंधरा दिवसांत खुलासा द्या म्हनतेत. सारजामाय शेण थापती अन् त्याच नोटिशीला हात पुसती."

मी सातवीच्या वर्गाबाहेर फोन घेतला होता. आत पोरं एका सुरात रूपं म्हणत होती. मी परत आत गेलो तेव्हा ती म्हणून संपली होती आणि मी काय म्हणायचं ते मला आठवेना.

तो अर्ज लहानसा नव्हता. नुसती चौकशीही नव्हती. ती तक्रार होती, एक पानभर, आणि मी ती सुबक लिहिली होती. मजीद म्हणाला होता, "सर, एकदा गेलं की वापस येत नाय. बहिणीचा मामला हाय, घरी जाऊन चाय पिऊन या, मग भेजू." मी म्हणालो, "पाठव." फेटेवाला अजून हसत होता ना.

तक्रारीत मी 'अपहार' शब्द लिहिला. तेव्हापासून मी स्वतःची समजूत घालतो आहे की संस्कृतात अपहार म्हणजे नुसतं दूर नेणं, वाऱ्यानं पान नेलं तरी अपहारच. पण खरं सांगायचं तर मराठी मलाही येतं. कचेरीत त्या शब्दाला कलम लागतं, हे मला लिहिताना ठाऊक होतं. शब्द वजनदार वाटला म्हणून घातला. आता तो तुझ्या दारावर चिकटला आहे आणि पासष्टाव्या वर्षी गाव तुला चोर म्हणून वाचतं आहे.

मला हे असं व्हायला नको होतं. बघतो काय करता येतं ते.

रामकिसन


पडेगाव,
भाऊबीज

सारजाक्का,

आज ओवाळणीऐवजी एक कागद पाठवतो आहे. आधी हे वाच, मग तो.

मी तहसीलला जाऊन आलो. तिथल्या नायब तहसीलदार बाई तरुण आहेत, आणि बोलण्यात मोजक्या. म्हणाल्या, तक्रार मागं घेतो असं नुसतं म्हणून चालत नाही, गुन्ह्याचा शब्द आला आहे, सुनावणी लावावी लागेल. कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दोघांना बोलावलं आहे. तोवर तुझ्या दारावरची नोटीस तशीच राहील आणि या वर्षीच्या पुराचं अनुदानही अडकलं.

त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला असा, की तू लेखी माफी मागायची, रक्कम परत करायची. गुन्हा होत नाही, प्रकरण मिटतं. रक्कम मी भरीन, तू एक पैसा काढू नकोस. दुसरा मार्ग व्यवहार्य नाही, म्हणून तो लिहीत नाही.

माफीनामा मीच लिहून सोबत जोडला आहे. तुला फक्त सही करायची आहे. भाषा सौम्य ठेवली आहे. 'अनवधानाने' हा शब्द तीनदा घातला आहे, म्हणजे चूक झाली पण मनातून नव्हे. तुझ्या वतीनं इतकं चांगलं मराठी गावात कुणी लिहिलं नसतं.

हे वाचून तू काय म्हणशील ते मला इथं बसून ऐकू येतं. 'आधीबी तूच लिवून आनलं व्हतं अन् सही मीच केली व्हती.' खरं आहे. विसरलेलो नाही. फर्दापूरला लेण्यांच्या वाटेवर मोठं हॉटेल होणार, आपली चार एकर जागा ते घेणार, पण कागद एका नावाचा हवा, असं तो दलाल म्हणाला. मी हक्कसोडपत्र तयार करून आणलं. तू वाचलं नाहीस. रजिस्ट्रीच्या टेबलापाशी एवढंच विचारलंस, "सही केल्यावर मी इथली कोण, रामकिसन?"

मी म्हणालो, "बहीण. आणखी कोण?"

कारकून हसला, मीही हसलो. चांगलं उत्तर दिलं असं वाटलं. मग रिवाजाप्रमाणं तुझ्या हातात लुगडं ठेवलं. हॉटेल झालं नाही, दलाल पुन्हा दिसला नाही, लुगडं चौथ्या दिवशी परत आलं. जमीन तूच कसत राहिलीस आणि मी तुला 'कस' असंही म्हणालो नाही, 'कसू नको' असंही नाही. फकिरा दाजी गेले तेव्हा दहाव्याला मी आलो होतो. घाटाच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो आणि तिथूनच परत फिरलो. तू पाहिलं नसशील. पाहिलं असशील तर तसं कळू दिलं नाहीस.

एक गोष्ट मात्र मजीदच्या दुकानात कळली आणि तेव्हापासून सुटत नाही. हक्कसोडाची नोंद झाली, तुझ्या हिश्श्याच्या नावाला कंस पडला, म्हणजे ते नाव रद्द. पण खालची ओळ कुणी काढली नाही. तुझा हक्क गेला आणि पालकत्व तेवढं राहिलं. असा चमत्कारिक समास मी कुठल्याही व्याकरणात पाहिला नाही.

असो. सही कर. हट्ट करू नकोस.

रामकिसन


पडेगाव,
कार्तिक शुद्ध द्वादशी

अक्का,

माफीनामा परत आला. कंडक्टर तोच असावा, पिशवी देताना म्हणाला, "सर, तुमच्या बहिणीचं पार्सल नेहमी माझ्याच हातून वापस येतं बुवा." मागच्या कोऱ्या बाजूला तुझं अक्षर: 'माफी मागंल तो चोर. मी नाय.'

मी रागावलो. खरं सांगतो, फार रागावलो. म्हटलं, जाऊन तोंडावर विचारावं. शाळेला रजा टाकली, फर्दापूरची गाडी धरली, उतरून पुंजारामच्या फटफटीवर मागं बसलो. त्याला म्हटलं, घरी नको, आधी शेतावर चल. जमिनीला विचार म्हणालीस ना? विचारायला आलो.

शेत सापडेना, अक्का. मी माझं शेत ओळखलं नाही. जिथं चिंचेखाली आपण भाकरी खायचो तिथं चिंच नव्हती. पांढरा खडक, मुरूम, हरभऱ्यासारखे पसरलेले गोल दगड आणि मधून वाघूरनं काढलेली नवी वाट. मला वाटलं पुंजाराम चुकला.

"चुकलो कशाला? ही तुमची जमीन. व्हती."

"पण इथं माती होती."

"माती?" तो फटफटीवरून उतरला. "मास्तर, तुमी इथं शेवटी कवा आलता? तुमच्या टायमाला हे बरड व्हतं. माती सारजामायनं आनली. पैल्या अनुदानात वरच्या अंगाला दगडी ताल, बांधच म्हना, घातला. दुसऱ्या बारीला पाझर तलाव उघडा पडला तवा गाळ वढला. चाळीस खेपा. तिसऱ्या बारीला आनिक. ट्रॅक्टरला पैसं पुरलं नाय तर डोक्यावर पाट्या. दोन साल अशी कपाशी आली की लोकं थांबून बघायचे. यंदा भादव्यात वाघूर आली अन् एका दुपारी समदं घिऊन गेली."

बांध म्हणून जो काही उरला होता त्याच्यावर बसलो.

मी विचारलं, "तिची जमीन नसताना तिनं एवढं का केलं?"

"तिच्या लेकी हेच म्हनल्या. दोघी सासरहून आल्या व्हत्या. 'माय, दुसऱ्याच्या रानात कशापायी पैसा वततीस?' सारजामाय म्हनली, 'दुसऱ्याचं कसं? अज्ञानाचं हाय. पालकानं पडीक पाडू नये.'"

"म्हणजे तिला ती नोंद माहीत होती?"

पुंजारामनं माझ्याकडं असं पाहिलं, की सव्वीस वर्षांत एकाही पोराकडं मी इतक्या कीवेनं पाहिलं नसेल.

"तलाठ्यानं दोनदा सांगितलं तिला. 'बाई, भाऊ मोठा झाला, हे नाव काढून घ्या.' ती म्हनली, 'ऱ्हाऊ द्या सायेब. तेवढंच एक ऱ्हायलंय.'"

अक्का, मला संस्कृत येतं. शब्दांच्या मुळापर्यंत जाऊन भाकरी मिळवतो. या वाक्याचं मी काय करू? रजिस्ट्रीच्या टेबलापाशी तू विचारलं होतंस, 'मी इथली कोण?' आणि मी थट्टेत उत्तर दिलं. त्या प्रश्नाचं तुला मिळालेलं खरं उत्तर त्या खालच्या ओळीत होतं, आणि ते जपायला तू माझं अज्ञान राखलंस. मी त्या ओळीवर तक्रार केली.

तू तिथंच होतीस. वरच्या कोपऱ्यात पाठमोरी, पाटीत दगड वेचत होतीस. पासष्ट वर्षांची पाठ, पण वाकून उठण्याची ढब तीच, मला पाठशाळेत पोचवायला बाजरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन पायी निघाली होतीस तेव्हाची. मी हाक मारायला तोंड उघडलं. कुठल्या नावानं मारावी ते सुचेना. वर्षानुवर्षं मुलांना संबोधनाची रूपं घोकवणारा माणूस मी, आणि माझ्या तोंडून एक संबोधन निघालं नाही. पुंजाराम म्हणाला, "बोलवू का?" मी नको म्हणालो आणि पळून आलो. पळूनच म्हणायचं त्याला.

बाईंनी सांगितलेला दुसरा मार्ग मी तुझ्यापासून लपवला. तो असा, की तक्रार चुकीची होती हे मी जबाबात लिहून द्यायचं, आणि ज्या बोर्डावर तुझी नोटीस लागली त्याच बोर्डावर माझा जबाब लागायचा. एक प्रत शाळेला जाईल, कारण खोटी तक्रार करणारा पगारी मास्तर आहे. मला तो मार्ग व्यवहार्य वाटला नव्हता.

सुनावणीला ये. माझ्याकडं बघू नकोस वाटल्यास, पण ये.

रामकिसन


पडेगाव,
कार्तिक वद्य तृतीया

अक्का,

परवा घडलं ते तू समोर उभी राहून पाहिलंस. तरी लिहितो, कारण माझ्या कानांवर माझा अजून विश्वास बसत नाही, आणि कागदावर उतरलेल्या गोष्टी आपल्या घरात खऱ्या धरतात.

बाईंनी माझी तक्रार मोठ्यानं वाचली. 'अपहार' तीनदा आला. पहिल्यांदा मला घाम आला, दुसऱ्यांदा वाटलं हे लिहिणारा माणूस कोण, तिसऱ्यांदा तू पदरानं तोंड पुसलंस आणि मी खुर्चीवरून उठलो. माझी पाळी नव्हती.

"बाईसाहेब, नोंद बरोबर आहे."

"कुठली नोंद, सर?"

"अज्ञानाची. मी अज्ञान आहे आणि ही माझी पालनकर्त्री आहे. पैसे तिनं माझ्या जमिनीत घातले. ते मला ठाऊक नव्हतं, कारण अकरा वर्षं मी तिथं पाय ठेवला नव्हता. तक्रार चूक आहे."

त्यांनी माझ्या डोक्याकडं पाहिलं, पांढरे किती ते मोजत असाव्यात. मग फाइल उलटली आणि चेहऱ्याची रेघही न हलवता म्हणाल्या, "दफ्तराप्रमाणं तुम्ही अज्ञान. अज्ञानाचा अर्ज पालकाच्या सहीशिवाय घेता येत नाही. तुमच्या तक्रारीवर पालकाची सही आहे का?"

"नाही."

"मग ती दाखलच करून घ्यायला नको होती. निकाली. पण जबाब लिहून द्या. बोर्डावर लागेल. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. "शुद्धलेखन तपासून देतो."

इथवर मला वाटलं की मी बरा निभावलो. मनात म्हटलं, आता मोठेपणा करावा. जमीन अर्धी तुझ्या नावानं परत करतो असं जाहीर केलं. बाई म्हणाल्या, "अज्ञानाला आपली जमीन दुसऱ्याला देता येत नाही. आधी सज्ञान व्हा." आणि तुझ्याकडं वळल्या. "आजी, तुम्ही पालक. भाऊ सज्ञान झाला एवढं सांगा, सही करा, मी ओळ काढायला सांगते."

तू माझ्याकडं पाहिलंस. अकरा वर्षांत प्रथम. चपलेपासून सुरुवात केलीस, गुडघ्यापाशी थोडी थांबलीस, चष्म्यापर्यंत आलीस. लोक थांबून बघत होते. मी मूर्खासारखा ताठ उभा राहिलो, वर्ग तपासायला साहेब येतात तेव्हा पोरं राहतात तसा.

"अजून नाय," तू म्हणालीस.

कचेरी हसली. पट्टेवाला तर दाराला टेकून हसला. बाईंनी विचारलं, "मग कधी?"

"एक साल माझ्या हाताखाली ऱ्हाऊ द्या. दगडं वेचू द्या, वैशाखात तलाव उघडा पडला की गाळ वाहू द्या. मग सांगते. आत्ता सही केली तर पुन्यांदा लुगडं घिऊन यील मेला."

मी हसायला हवं होतं. माझ्या डोळ्यांपुढं पट्टेवाला, टेबल, फायली सगळं पाणी झालं. मला धक्का बसला तो 'मेला' या शब्दाचा. लहानपणी मी आजारी पडलो की तू मला हेच म्हणायचीस.

बाईंनी पुढच्या कार्तिकातली तारीख लिहिली. तोवर ओळ राहील, आणि अडकलेलं अनुदान पालकाच्या खात्यातच येईल. बाहेर पडताना तू माझ्याशी बोलली नाहीस, पुंजारामच्या मागं बसलीस आणि निघून गेलीस. बोलायचं ते तू साक्षीदारांसमोर बोलली होतीस.

जबाब बोर्डावर लागला. पुंजाराम म्हणतो, लोक वाचतात आणि 'भाषा लई भारी' म्हणतात. शाळेतही प्रत पोचली. मुख्याध्यापकांनी बोलावून अर्धा तास ऐकवलं. भूगोलाच्या सरांनी पेढे मात्र दिले नाहीत. मी पंधरा दिवसांची रजा मागितली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं कळेना, तेव्हा 'पालकांनी बोलावले आहे' असं लिहिलं. मंजूर झाली.

सोमवारी सकाळच्या गाडीनं येतो आहे. फर्दापूरला उतरून सरळ शेतावर येईन. या वेळी बांधावर उभा राहून हाक मारीन. संबोधन पाठ करून ठेवलं आहे.

तुझा,
अज्ञान रामकिसन

ता. क. ते डाळिंबी लुगडं कपाटात आहे, घडी मोडलेली नाही. सोबत आणतो आहे. घाबरू नकोस, तुला नेसायला देत नाही. दगडांची पाटी डोक्यावर घ्यायची तर चुंबळ लागेल, आणि माझं डोकं, तुला ठाऊक आहेच, कच्चं आहे. त्याचीच करीन.